पोपचे स्विस रक्षकदल : पाच शतकांची निष्ठा

रोमच्या यात्रेहून परतलेल्या भाविकांच्या घरी छायाचित्रांचा संग्रह पाहिला, तर त्यात एक छायाचित्र हमखास आढळते. निळ्या, पिवळ्या आणि तांबड्या पट्ट्यांचा फुगीर पोशाख केलेला, हातात लांब दांड्याचे शस्त्र घेतलेला एक गोरा तरुण निश्चल उभा असतो आणि त्याच्यापासून दोन हात अंतरावर आपले काका-काकू हसतमुखाने उभे असतात. पुष्कळांना तो व्हॅटिकनच्या शोभेचा एक भाग वाटतो. काहींना तर तो नाटकातील पात्रासारखा भासतो. प्रत्यक्षात तो प्रशिक्षित सैनिक असतो, परदेशातून स्वेच्छेने आलेला असतो आणि प्रसंग पडल्यास पोपमहोदयांसाठी प्राण देण्याची शपथ त्याने घेतलेली असते.

हे तरुण कोण आहेत? ते सर्व स्वित्झर्लंडचेच का असतात? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, ज्या पेत्राला प्रभू येशूने गेथसेमनी बागेत तलवार म्यानात घालावयास सांगितली, त्या पेत्राच्या वारसाला सशस्त्र रक्षक हवेत कशाला? या प्रश्नांची उत्तरे इतिहासाच्या साहाय्याने शोधण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

डोंगरातील गरिबी आणि सैनिकांची ख्याती

आज स्वित्झर्लंड म्हटले की बँका, घड्याळे आणि सुबत्ता डोळ्यांसमोर येते. पंधराव्या शतकातील चित्र अगदी वेगळे होते. आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत शेतीयोग्य जमीन थोडी होती आणि कुटुंबे मोठी होती. घरातील सर्व मुलांचे पोट त्या जमिनीवर भरणे शक्य नव्हते. त्यामुळे हजारो तरुण परदेशी राजांच्या सैन्यात वेतनावर दाखल होत. थेट शब्दांत सांगावयाचे तर ते भाडोत्री सैनिक होते.

मात्र त्यांच्या शौर्याचा दबदबा मोठा होता. लांब भाले घेऊन दाट चौकोनी रचनेत पुढे सरकणारे स्विस पायदळ घोडदळाला दाद देत नसे. १४७६ मध्ये ग्रँडसन आणि मुर्टेन येथे व १४७७ मध्ये नान्सी येथे बर्गंडीचा बलाढ्य ड्यूक चार्ल्स याचा पराभव झाला, तेव्हा सारा युरोप थक्क झाला. त्यानंतर फ्रान्सच्या राजापासून मिलानच्या ड्यूकपर्यंत सर्वांनाच आपल्या पदरी स्विस सैनिक असावेत असे वाटू लागले. पोप चौथे सिक्स्टस यांनी १४७९ मध्येच स्विस संघराज्याशी करार केला होता.

याच काळात स्वित्झर्लंडमध्ये एक साधुपुरुष होऊन गेले. संत निकोलस ऑफ फ्ल्यूए (१४१७ ते १४८७) हे त्यांचे नाव. लोक त्यांना प्रेमाने ब्रदर क्लाउस म्हणत. शेतकरी, सैनिक आणि दहा मुलांचे पिता असलेल्या निकोलस यांनी १४६७ मध्ये पत्नीच्या संमतीने एकांतवास पत्करला. परक्यांच्या भांडणात पडू नका, असा उपदेश त्यांनी देशबांधवांना केल्याचे परंपरा सांगते. पोप बारावे पायस यांनी १९४७ मध्ये त्यांना संतपद बहाल केले. टूर्सचे संत मार्टिन आणि संत सेबॅस्टियन या दोन सैनिक संतांबरोबर हेच संत निकोलस आज स्विस रक्षकदलाचे आश्रयदाते मानले जातात. परक्यांच्या युद्धांपासून दूर राहा असे सांगणारा संत परदेशात सेवा करणाऱ्या सैनिकांचा आश्रयदाता असावा, हा विरोधाभास वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचा उलगडा पुढे होईल.

२२ जानेवारी १५०६

पोप दुसरे जुलियस १५०३ मध्ये पेत्राच्या आसनावर आले. कलांचे आश्रयदाते म्हणून त्यांची कीर्ती आहे. त्याचबरोबर ते स्वतः सैन्याचे नेतृत्व करणारे पोप होते, हेही इतिहासाने नोंदविले आहे. त्या काळी पोप हे मध्य इटलीतील एका मोठ्या प्रदेशाचे शासक होते व इटलीच्या भूमीवर फ्रान्स, स्पेन आणि इटालियन संस्थाने यांच्यात सतत लढाया चालू होत्या. अशा परिस्थितीत आपल्या निवासाच्या रक्षणासाठी जुलियस यांनी स्विस संघराज्याकडे सैनिकांची मागणी केली.

उरी प्रांताचे कप्तान कास्पर फॉन सिलेनेन यांच्या नेतृत्वाखाली १५० सैनिक पायी निघाले. २२ जानेवारी १५०६ रोजी त्यांनी पोर्ता देल पोपोलो या वेशीतून रोममध्ये प्रवेश केला व पोपमहोदयांनी त्यांना आशीर्वाद दिला. तोच दिवस या दलाचा स्थापनादिन मानला जातो. त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी जुलियस यांनी नव्या संत पीटर महामंदिराची कोनशिला बसविली. म्हणजे आज आपण पाहतो ते भव्य महामंदिर आणि त्याच्या दाराशी उभा असलेला स्विस रक्षक, हे दोघेही एकाच वर्षाचे अपत्य आहेत.

हे १५० जण वेतनावर आलेले होते, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. त्यांचे शौर्य वादातीत होते, परंतु त्यांची निष्ठा अद्याप कसोटीला लागली नव्हती. ती कसोटी एकवीस वर्षांनी आली.

६ मे १५२७

१५२७ साली पोप सातवे क्लेमंट हे सम्राट पाचवे चार्ल्स यांच्या विरोधातील आघाडीत सामील झालेले होते. सम्राटाच्या इटलीतील सैन्याला कित्येक महिने पगार मिळाला नव्हता. भुकेले आणि बेशिस्त झालेले ते सैन्य लुटीच्या आशेने रोमवर चालून आले. त्यात जर्मन पायदळ होते, स्पॅनिश तुकड्या होत्या आणि इटालियन सैनिकही होते. ६ मे रोजी पहाटेच्या धुक्यात त्यांनी तटावर हल्ला चढविला. त्यांचा सेनापती ड्यूक ऑफ बूर्बाँ पहिल्याच चढाईत ठार झाला आणि त्यानंतर त्या सैन्याला आवरणारा कोणीही उरला नाही.

व्हॅटिकनमध्ये त्या सकाळी १८९ स्विस रक्षक होते. त्यांचे प्रमुख कास्पर रोइस्ट हे झुरिकच्या एका प्रतिष्ठित घराण्यातील होते. झुरिक शहराने त्यापूर्वीच धर्मसुधारणेचा पंथ स्वीकारून रोमशी संबंध तोडले होते. तरीही रोइस्ट आपल्या जागी उभे राहिले. महामंदिराजवळ असलेल्या प्राचीन स्तंभाच्या पायथ्याशी रक्षकांनी शत्रूला तोंड दिले. (हा स्तंभ १५८६ मध्ये तेथून हलवून संत पीटर चौकाच्या मध्यभागी उभारण्यात आला.) रोइस्ट जखमी झाले. त्यांना घरी नेण्यात आले असता शत्रूने तेथे घुसून पत्नीच्या डोळ्यांदेखत त्यांची हत्या केली.

त्या दिवशी १४७ रक्षक धारातीर्थी पडले. उरलेल्या ४२ जणांनी पोप क्लेमंट यांना तटावरील उंच बंदिस्त मार्गाने सुमारे ८०० मीटर अंतरावरील सांत आंजेलो किल्ल्यात सुखरूप पोहोचविले. रोम शहराची मात्र भीषण लूट झाली. सुमारे महिन्याभरानंतर पोपमहोदयांना शरण जावे लागले व मोठी खंडणी कबूल करावी लागली. स्विस दल बरखास्त झाले आणि त्याच्या जागी जर्मन सैनिक नेमण्यात आले. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी स्विस दलाची पुन्हा स्थापना केली.

लढाईच्या हिशेबाने पाहता ६ मे हा पराभवाचा दिवस आहे. जगातील बहुतेक सैन्ये आपल्या विजयाचा दिवस साजरा करतात. या दलाने मात्र आपल्या बांधवांच्या मरणाचा दिवस शपथेसाठी निवडला. आमच्या मते या दलाच्या सर्व परंपरांची किल्ली येथे आहे. त्या दिवशी व्हॅटिकन सोडून जाणे रक्षकांना शक्य होते. वेतनासाठी लढणारा सैनिक हरणारी बाजू सोडून देतो, असा त्या काळचा रोजचा अनुभव होता. १४७ जणांनी ती वाट धरली नाही, आणि पैशासाठी आलेल्या तुकडीचे रूपांतर निष्ठेच्या परंपरेत झाले.

विसर्जने आणि पुनःस्थापना

पुढील शतकांत या दलाने अनेक उतार-चढाव पाहिले. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी झालेल्या लेपांटोच्या आरमारी युद्धात पोपच्या आरमाराचे प्रमुख मार्कांतोनिओ कोलोना यांच्यासोबत १२ स्विस रक्षक होते. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने रोम घेतले, पोप सहावे पायस यांना हद्दपार केले आणि दल विसर्जित झाले. पोप सातवे पायस यांनी ते पुन्हा उभे केले, नेपोलियनच्या काळात ते पुन्हा मोडले आणि १८१४ मध्ये पुन्हा सुरू झाले.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या सैन्याने रोमचा तट फोडला आणि पोपची ऐहिक सत्ता संपुष्टात आली. रक्तपात टाळण्यासाठी पोप नववे पायस यांनी नाममात्र प्रतिकारानंतर शरणागतीचा आदेश दिला होता. पोपचे सैन्य विसर्जित झाले. त्यात फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, कॅनडा आदी देशांतून आलेल्या कॅथलिक स्वयंसेवकांचे झुआव्ह पथकही होते. स्विस दल मात्र शिल्लक राहिले, कारण त्याचे काम राज्य राखण्याचे नसून व्यक्तीचे व तिच्या निवासाचे रक्षण करण्याचे होते. ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारान्वये ४४ हेक्टरांचे व्हॅटिकन राज्य अस्तित्वात आले, तेव्हा त्याच्या दारांवर हेच दल उभे होते.

आणखी एक वळण १९७० मध्ये आले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर पोप सहावे पॉल यांनी पोपच्या दरबारातील राजेशाही थाट कमी करण्याचे ठरविले. त्यांनी सरदार घराण्यांतील व्यक्तींचे ‘नोबल गार्ड’ आणि रोमन नागरिकांचे ‘पॅलाटाइन गार्ड’ ही दोन्ही दले बरखास्त केली. स्विस दल त्यांनी कायम ठेवले. मानाचा डामडौल गेला, सेवा उरली.

शपथ, ध्वज आणि पोशाख

दरवर्षी ६ मे रोजी नवे रक्षक शपथ घेतात. हा विधी सामान्यतः प्रेषितीय राजवाड्याच्या संत दमासो प्रांगणात होतो. शपथविधीच्या निमित्ताने मिस्साबलिदान अर्पण केले जाते आणि १५२७ च्या वीरांच्या स्मृतीला पुष्पचक्र वाहिले जाते. दलाचे आध्यात्मिक गुरू शपथेचा मजकूर वाचतात. विद्यमान पोप आणि त्यांचे कायदेशीर वारस यांची निष्ठेने सेवा करण्याचे, गरज पडल्यास त्यासाठी प्राणही देण्याचे आणि पोपचे आसन रिक्त असताना कार्डिनल मंडळाप्रती तीच निष्ठा बाळगण्याचे वचन त्यात असते. त्यानंतर एकेका तरुणाचे नाव पुकारले जाते. तो पुढे येतो, डाव्या हाताने ध्वज धरतो, उजवा हात उंचावून तीन बोटे दाखवितो आणि आपल्या मातृभाषेत, म्हणजे जर्मन, फ्रेंच, इटालियन किंवा रोमान्श भाषेत शपथ घेतो. ती तीन बोटे पवित्र त्रैक्याची खूण आहेत.

ध्वजही अर्थपूर्ण आहे. पांढरा क्रूस त्याचे चार भाग करतो. एका भागात विद्यमान पोपचे राजचिन्ह असते, तर तिरकस समोरच्या भागात दुसरे जुलियस यांचे. म्हणजे प्रत्येक पोपबरोबर ध्वज बदलतो आणि तरीही त्याचा एक कोपरा १५०६ मध्येच राहतो.

पोशाखाविषयी एक गैरसमज सर्वत्र रूढ आहे. तो मायकलअँजेलोने रेखाटला असे प्रवाशांना हौसेने सांगितले जाते. प्रत्यक्षात आजचा पोशाख दलाचे प्रमुख कर्नल ज्यूल रेपाँ यांनी १९१४ च्या सुमारास, राफाएल या चित्रकाराच्या भित्तिचित्रांसारख्या जुन्या चित्रांचा अभ्यास करून ठरविला. एका पोशाखासाठी कापडाचे १५० हून अधिक तुकडे जोडावे लागतात व ते काम दलाच्या स्वतःच्या शिंपीखान्यात होते. शिरस्त्राणावर शहामृगाची पिसे असतात आणि साध्या रक्षकाची पिसे तांबडी असतात. जुनी धातूची शिरस्त्राणे उन्हात तापत व डोक्याला जड होत. म्हणून २०१९ पासून त्रिमितीय छपाईच्या तंत्राने बनविलेली हलकी प्लास्टिकची शिरस्त्राणे वापरात आली. हातातील शस्त्राला हॅल्बर्ड म्हणतात. भाला आणि परशू यांचा तो मिलाफ आहे. त्यावरून साध्या रक्षकाला ‘हॅल्बर्डियर’ म्हणतात.

आजचा रक्षक

या दलात प्रवेशासाठी उमेदवार स्वित्झर्लंडचा नागरिक, कॅथलिक, अविवाहित पुरुष, १९ ते ३० वर्षे वयाचा आणि किमान १७४ सेंटिमीटर उंचीचा असावा लागतो. स्विस सैन्यातील प्राथमिक प्रशिक्षण आणि शालेय किंवा व्यावसायिक शिक्षण त्याने पूर्ण केलेले असावे लागते. निदान २६ महिने सेवा करण्याचे बंधन असते. अनेक तरुण त्यानंतर मायदेशी परतून पोलीस किंवा अन्य सेवेत जातात. काहींना येथेच धर्मगुरुपदाचे पाचारण लाभले आहे. २०१८ मध्ये दलाची मंजूर संख्या ११० वरून १३५ करण्यात आली.

प्राचीन पोशाखामागे आधुनिक प्रशिक्षण आहे. नव्या रक्षकांच्या प्रशिक्षणाचा काही भाग स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात तेथील पोलिसांच्या देखरेखीखाली होतो. आग्नेयास्त्रे चालविणे, निःशस्त्र स्वसंरक्षण, अग्निशमन आणि प्रथमोपचार यांचे शिक्षण त्यांना मिळते. पोपच्या प्रवासात साध्या कपड्यांतील रक्षक त्यांच्यासोबत असतात. १३ मे १९८१ रोजी संत पीटर चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, त्यावेळी साध्या वेषातील स्विस अधिकारी आलोईस एस्टरमान त्यांच्या मदतीला धावले होते.

या दलाच्या इतिहासात दुःखाचे प्रसंगही आहेत व ते सांगितले पाहिजेत. हेच एस्टरमान ४ मे १९९८ रोजी दलाचे प्रमुख नेमले गेले आणि त्याच रात्री ते व त्यांची पत्नी दलातीलच एका तरुणाच्या गोळ्यांना बळी पडले. त्या तरुणानेही स्वतःचे जीवन संपविले. पवित्र शपथ घेतली म्हणून मनुष्याचे दुबळेपण नाहीसे होत नाही, हा धडा त्या रात्रीने दिला.

मायदेशाशी असलेले नातेही आता पूर्वीसारखे सहज राहिलेले नाही. रोममधील जुन्या बराकींच्या पुनर्बांधणीसाठी ४ लाख फ्रँकची मदत द्यावी, असा प्रस्ताव कॅथलिक परंपरेच्या ल्युसर्न प्रांतात मतदानाला ठेवण्यात आला होता. २५ सप्टेंबर २०२२ रोजी तेथील मतदारांनी तो बहुमताने फेटाळला. सामान्य करदात्याच्या पैशातून ही मदत जावी हे त्यांना मान्य नव्हते. ज्या तरुणांना आज स्वित्झर्लंडमध्ये उत्तम वेतनाच्या नोकऱ्या मिळू शकतात, त्यांनी दोन वर्षे रोमच्या उन्हापावसात तासन्‌तास निश्चल उभे का राहावे, हा प्रश्न त्यांच्या समवयस्कांना पडतो. पंधराव्या शतकातील तरुणाला गरिबी रोमला आणीत होती. आजच्या तरुणाला गरिबी आणीत नाही. तो येतो तो स्वतःच्या निर्णयाने.

येथे संत निकोलस यांच्याविषयीचा विरोधाभास उलगडतो. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडने आपल्या नागरिकांना परदेशी सैन्यात जाण्यास बंदी घातली. रक्ताचा व्यापार थांबला. पोपच्या रक्षकदलाला मात्र स्विस सरकार परकीय सैन्य मानीत नाही. त्याच्या दृष्टीने ते पहारा देणारे पोलीसदल आहे. संताने ज्या युद्धांविरुद्ध इशारा दिला होता, ती युद्धे हे दल आता लढत नाही.

म्यानातील तलवार

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू या. पेत्राच्या वारसाला सशस्त्र रक्षक कशाला? व्यवहाराचे उत्तर सोपे आहे. १९८१ च्या घटनेनंतर सुरक्षेची गरज कोणी नाकारू शकत नाही, आणि चौकात रोज जमणाऱ्या हजारो यात्रिकांचेही रक्षण करावे लागते. परंतु एवढेच उत्तर असते, तर आधुनिक पोलीस पुरेसे होते.

दुसरे उत्तर दोन प्रसंगांत दडलेले आहे असे आम्हाला वाटते. पहिला प्रसंग २८ फेब्रुवारी २०१३ चा. पोप सोळावे बेनेडिक्ट यांचा पदत्याग त्या दिवशी रात्री आठ वाजता अमलात येणार होता. ते कास्तेल गांदोल्फो येथील निवासात होते. आठचे ठोके पडले, दारावरील स्विस रक्षकांनी आपला पहारा संपविला, मोठी दारे बंद झाली आणि ते निघून गेले. आतील वृद्ध व्यक्ती तीच होती, तिच्याविषयीचा आदरही तोच होता. परंतु रक्षकांची शपथ पेत्राच्या सेवापदाशी होती आणि ते पद त्या क्षणी रिक्त झाले होते.

दुसरा प्रसंग २०२५ चा. २१ एप्रिल रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. ७ मे रोजी कार्डिनल नव्या पोपच्या निवडीसाठी सिस्टाइन चॅपेलमध्ये गेले. ६ मे चा शपथविधी त्या वर्षी होऊ शकला नाही. रक्षक आपल्या शपथेप्रमाणे कार्डिनल मंडळाच्या सेवेत उभे होते. पुढे ४ ऑक्टोबर २०२५ रोजी २७ नव्या रक्षकांनी पोप चौदावे लिओ यांच्या उपस्थितीत शपथ घेतली. घरातून निघताना एका पोपच्या सेवेसाठी सिद्ध झालेल्या तरुणांनी शपथ घेतली तेव्हा आसनावर दुसरे पोप होते, आणि शपथेचा अर्थ तसूभरही बदलला नव्हता.

व्यक्ती येतात व जातात, सेवा चालू राहते. पदाला दिलेले वचन व्यक्तीच्या आवडीनिवडीवर अवलंबून नसते. आपल्या धर्मग्रामांत नवे धर्मगुरू आले की जुन्यांच्या काळात पुढे असलेले कार्यकर्ते मागे सरतात आणि ‘आमचे फादर गेले’ म्हणून काम सोडतात, हे दृश्य आपल्यालाही अपरिचित नाही. कास्तेल गांदोल्फोच्या दारातून शांतपणे निघून जाणारे आणि काही दिवसांनी नव्या पोपच्या दाराशी तितक्याच निष्ठेने उभे राहणारे ते रक्षक आपल्याला काही सांगत आहेत.

पाचशे वर्षांपूर्वी हे दल शस्त्रांच्या बळावर उभे राहिले. आज त्याच्या हातातील हॅल्बर्ड कोणावर उगारला जात नाही. शक्ती ओसरली, प्रदेश गेला, दरबारी थाट गेला, वचन तेवढे उरले. प्रभूने पेत्राची तलवार म्यानात घालावयास लावली, परंतु जागे राहण्याची आज्ञा मात्र शिष्यांना त्याच बागेत दिली होती. त्या रात्री शिष्य झोपी गेले. दाराशी जागा राहणारा पहारेकरी ही शुभवर्तमानाला परकी प्रतिमा नाही.

वाचकहो, पुढे कधी रोमला जाण्याचा योग आला आणि त्या रंगीत पोशाखातील तरुणासोबत छायाचित्र काढण्याची इच्छा झाली, तर ते अवश्य काढावे. मात्र त्यानंतर क्षणभर थांबून, महामंदिराच्या सावलीत पडलेल्या त्या १४७ जणांचे स्मरण करावे आणि समोर उभ्या असलेल्या, आपल्याच मुलाच्या वयाच्या त्या तरुणासाठी एक छोटीशी प्रार्थना म्हणावी. तो पहाऱ्यावर असल्याने उत्तर देणार नाही. परंतु त्याच्याही घरी, आल्प्सच्या एखाद्या खोऱ्यात, त्याची वाट पाहणारी आई असते.